आवणीच्या दिवसांत प्रशिक्षण

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भातलागवडीचं प्रशिक्षण बहुधा भातलागवड चालू असतानाच होतं. ही माझी पहिली तक्रार. ती लहान आहे, हे मान्य. पण अशा लहान तक्रारी साचत जातात, त्यांची दाद कुठेच लागत नाही आणि शेवटी चांगला कार्यक्रमही लोकांच्या मनातून उतरतो. शेतीचं आणि लोकशिक्षणाचं सरकारी काम आमच्या भागाला हवं आहे, फार हवं आहे. ते नीट झालं की नाही हे कोण तपासतं आणि काय बघून तपासतं, याबद्दल मला बोलायचं आहे.

आमच्याकडे भाताची आवणी सवडीने करता येत नाही. एप्रिल-मेमध्ये राब भाजायचा, पहिल्या पावसावर बी टाकायचं, तीन-साडेतीन आठवड्यांनी रोप उपटायचं आणि खाचरात पाणी साचलं की लगेच चिखल करून लावायचं. पाणी ओसरलं तर पुन्हा पावसाची वाट बघायची. रोप जून झालं की फुटवे कमी येतात. पाड्यावरची घरं एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबतात. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. त्यातला एक जण उठून प्रशिक्षणाला गेला की त्याची पाळी चुकते आणि ती त्याला पुढे फेडून द्यावी लागते. बोटींवर खलाशी म्हणून जाणारे पुरुषही याच दिवसांत घरी असतात, कारण पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. ऑगस्ट लागला की ते निघायला लागतात. घरात हात असतात तेवढ्यात आवणी उरकायची असते आणि नेमकं तेव्हाच सकाळी अकरापासून समाजमंदिरात बसायचं बोलावणं येतं.

चारसूत्री भातशेतीचं उदाहरण घेतो, कारण ती मला पटलेली आहे. डॉ. नारायण सावंत यांनी कोकणातल्या लहान शेतकऱ्याला परवडेल अशा बेताने ती घालून दिली. तिची चार सूत्रं अशी: रोपवाटिकेत बी टाकण्याआधी भाताच्या तुसाची काळी राख मातीत मिसळायची, चिखलणीच्या आधी गिरिपुष्पाचा हिरवा पाला खाचरात पसरायचा, दोरीवरच्या खुणा बघून ठरावीक अंतरावर, चार-चार चुडांचे चौकोन होतील अशी लावणी करायची, आणि त्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची ब्रिकेट हाताने खोचायची. आता बघा, राख लागते जूनच्या पहिल्या आठवड्यात. गिरिपुष्प बांधावर लावलेलं असावं लागतं आदल्या किंवा त्याच्या आदल्या वर्षी. खुणांची दोरी आणि ब्रिकेट आवणीच्या आधी घरात आणून ठेवावी लागते. जुलैमध्ये हे सगळं शिकवून काय उपयोग? ऐकणाऱ्याला पटतं, तो मान हलवतो आणि घरी जाऊन आजोबांनी लावलं तसंच लावतो, कारण त्याच्याकडे त्या दिवशी दुसरा मार्गच नसतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच प्रशिक्षण होतं आणि पुन्हा जुलैमध्येच होतं.

याला कुणा एका माणसाचा आळस कारणीभूत नाही, हे मला ठाऊक आहे. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. आराखडा मंजूर व्हायचा, पैसा मंत्रालयातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून तालुक्याला यायचा, तोवर पाऊस पडलेला असतो. खर्च न झालेला पैसा ३१ मार्चच्या आत संपवायचा असतो, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्यक्रमांची दुसरी लाट येते. तेव्हा गावात माणसं कुठे असतात? दिवाळी झाली की निम्मा पाडा रिकामा होतो. कुणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, कुणी उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत, कुणी बोटीवर. मागे राहतात म्हातारी माणसं, लहान मुलं आणि त्यांना सांभाळणाऱ्या बाया. शेतकरी प्रशिक्षणाच्या हजेरीत तेव्हा त्यांचीच नावं येतात. सरकारचं वर्ष आणि भाताचं वर्ष जुळत नाही, हे कृषी खात्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. वर्षानुवर्षं माहीत आहे. तरीही तारीख बदलत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

निरोप आदल्या संध्याकाळी येतो, ही दुसरी तक्रार. तोही मोबाइलवर येतो. डहाणूच्या पूर्व पट्ट्यातल्या अनेक पाड्यांवर रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं, त्यामुळे निरोप ज्याला मिळाला तो जातो, बाकीच्यांना कार्यक्रम झाल्यावर कळतं. आवणीच्या दिवसांत ज्याला जाणं परवडतं तोच जातो आणि बहुतेक वेळा ती घरातली सून किंवा सासू असते. ती लक्ष देऊन ऐकते. रोप लावणारे हात तिचेच असतात, त्यामुळे तिने ऐकणं उत्तमच. पण पुढे बियाणं किंवा अवजार मिळायची वेळ आली की सातबारा मागतात. सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं. कित्येक घरांत तर नवऱ्याचंही नसतं, कारण जमीन वनपट्ट्याची असते आणि वनहक्क कायद्याने मिळालेल्या पट्ट्याची नोंद 'इतर हक्कां'त जाते. शिकली ती एक आणि कागद मागितला दुसऱ्याचा, असं प्रत्येक हंगामात होतं. प्रशिक्षणाच्या यादीत असलेल्या माणसालाच पुढचा लाभ मिळाला का, हे एकदा दोन याद्या शेजारी ठेवून बघायला अर्धा तास लागेल.

आता वह्यांचा विषय. हा जरा लांबेल.

गावात शेतीविषयी शिकवायला येणारी खाती मोजायला बसलो की बोटं अपुरी पडतात. राज्याच्या कृषी विभागाचे तालुका कृषी अधिकारी, त्यांच्या हाताखाली मंडळ आणि गावपातळीवरचे कर्मचारी. त्यांच्याच जोडीने चालणारी 'आत्मा' ही कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा. जिल्हा परिषदेचा कृषी विभाग वेगळा, त्याचे कृषी अधिकारी आणि विस्तार अधिकारी पंचायत समितीत बसतात. १९९८ मध्ये कृषी खात्याच्या निरनिराळ्या शाखा एका खिडकीत आणल्या गेल्या, पण जिल्हा परिषदेचा कृषी विभाग वेगळाच राहिला आणि आदिवासी शेतकऱ्यांसाठीची बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना त्याच्याकडून चालते. डहाणूचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय तिसरं. बचत गटांमार्फत 'उमेद' अभियान चौथं. कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र पाचवं. त्यावर वन विभाग आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीतून येणाऱ्या संस्था. यांतला प्रत्येक जण चांगल्या हेतूने येतो, पण आधी कोण येऊन काय सांगून गेलं हे त्याला माहीत नसतं. त्यामुळे एकाच बाईने गांडूळखताची ओळख अनेकदा ऐकलेली असते आणि गांडूळखताच्या पुढचा धडा एकदाही ऐकलेला नसतो. प्रत्येकाची हजेरीवही वेगळी असते. तीच नावं, तेच आधार क्रमांक, तेच अंगठे त्या सगळ्या वह्यांत असतात. त्या वह्या मग वेगवेगळ्या कपाटांत जातात. गावात मात्र एकही वही राहत नाही. आमच्या गावात गेल्या वर्षी शेतीचे किती वर्ग झाले, कशावर झाले, असं कुणी विचारलं तर ग्रामपंचायतीच्या दप्तरात ते एका जागी सापडत नाही.

मला या तक्रारीचं सगळ्यात जास्त वाटतं. तपासणी वर जाते, आडवी जात नाही. प्रत्येक खातं आपल्या वरच्याला उत्तर देतं: वर्ग किती झाले, माणसं किती बसली, स्त्रिया किती, अनुसूचित जमातीचे किती, खर्च किती. त्या उत्तराची मागणीच तशी असते, म्हणून खालचा माणूस तेवढंच जमवतो. अमुक शेतकऱ्याने पुढच्या हंगामात लावणीचं अंतर बदललं का, बीजप्रक्रिया केली का, केली असेल तर उत्पन्नात काय फरक पडला, नसेल तर का नाही केली, हे विचारणारा रकाना मला आजवर दिसला नाही. हे विचारायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. ऑक्टोबरमध्ये शेताच्या बांधावर उभं राहून दहा घरं विचारली तरी कळतं.

फोटोमुळे हे आणखी बिघडलं. जागेची खूण असलेला फोटो लागतो, त्यात फलक दिसला पाहिजे आणि फलकामागे माणसं दिसली पाहिजेत. कल्पना वाईट नव्हती. कागदावरच होणारे वर्ग यामुळे थांबावेत, असा हेतू होता आणि काही प्रमाणात ते थांबलेही असतील. पण फलक छापून यायला उशीर झाला म्हणून माणसं ताटकळत बसलेली मी पाहिली आहेत. फोटो झाल्यावर वर्ग लवकर आटोपलेलाही पाहिला आहे. फोटोत येतं ते माणूस तिथे होता एवढंच. त्याला काही कळलं का, हे त्यात येत नाही.

शेतीशाळा ही कल्पना तर याच्या उलट होती. १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरच्या किडींसाठी ती सुरू झाली आणि तिथून आपल्याकडे आली. पीक उगवल्यापासून कापणीपर्यंत तेच शेतकरी ठरावीक दिवसांनी एका शेतात जमतात, चुडात हात घालून किडी मोजतात, मित्रकीटक कोणते आणि शत्रुकीटक कोणते ते ओळखतात आणि फवारायचं की नाही ते स्वतः ठरवतात. शिकवणारा तिथे विचारणारा असतो. हंगामभर हे नीट चाललं तर शेतकऱ्याचा औषधाचा खर्च वाचतो. म्हणून शेतीशाळेचा वर्ग पावसाचं कारण सांगून समाजमंदिरात खुर्च्यांवर घेतला गेला, की मला फार खटकतं. भातावरची कीड समाजमंदिरात येत नाही. तपासणाऱ्याने इथे एकच प्रश्न विचारावा: आजचा वर्ग कोणाच्या शेतात झाला?

किनाऱ्याकडे गोष्ट वेगळी आहे. बोर्डी, घोलवड, डहाणू हा चिकूचा पट्टा. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बागायतदार संघटित आहेत, बी पोखरणारी अळी आली की शास्त्रज्ञांना फोन करतात, बोलावून घेतात, प्रश्न विचारतात. सल्ला पटला नाही तर तोंडावर सांगतात. त्यांची स्वतःची देखरेख आहे आणि तिचा परिणाम दिसतो. तिथेही एक गोष्ट मला बोचते. बागेत छाटणी करतो, फवारतो, झाडावर चढून फळ उतरवतो तो वारली मजूर. छाटणीच्या वर्गाला बोलावणं जातं मालकाला. मालक ऐकून येतो, घरी येऊन सांगतो, त्यातलं जेवढं पोचेल तेवढं फांदीपर्यंत पोचतं. फवारणीच्या वेळी तोंडावर फडकं बांधावं, हातमोजे घालावेत, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून फवारू नये, हे ज्याच्या जिवावर बेततं त्यालाच त्या वर्गात बसवलं पाहिजे. मजुराची त्या दिवसाची मजुरी कोण देणार, हा प्रश्न खरा आहे. पण फलकावर आणि चहापाण्यावर खर्च होतो तिथून ती देता येईल, असं माझं स्पष्ट मत आहे.

भाषेची तक्रार लहान नाही, तरी ती याच ओळीत येते. वर्गात बसलेले लोक घरी वारली बोलतात. काही धोडी, काही कोकणा, सीमेजवळच्या गावांत गुजराती. शिकवणारा देशावरून बदली होऊन आलेला असतो आणि परिपत्रकातल्या मराठीत बोलतो. पडद्यावर दाखवायची चित्रंही त्याच भाषेत. लोक मान हलवतात, कारण साहेबांना मध्येच थांबवणं बरं दिसत नाही. याच पाड्यांवरची बारावी झालेली, पदविका घेतलेली मुलं-मुली बाजूला उभी असतात. त्यांच्याकडून दोन वाक्यं सांगून घेतली तरी वर्ग जागा होतो. मी ते होताना पाहिलं आहे आणि म्हणूनच ते नेहमी होत नाही याचं दुःख जास्त आहे.

कारण लोकांच्या कलाने शिकवणं डहाणू तालुक्याला नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्राचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती. मोठी गुरं राखायला जायची, धाकटी भावंडं सांभाळायची. या दोघींनी वेळापत्रक मुलांच्या मागे नेलं. अंगणात भरणारी अंगणवाडी, गुरं चरतात त्या कुरणावर भरणारी कुरणशाळा, शिंपले-पानं-बिया हेच साहित्य. मूल आंघोळ करून आलं नसेल तर आंघोळ घालण्यापासून शिक्षण सुरू. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि पुढे अंगणवाडी हा शब्द प्रत्येक राज्यात गेला. त्याच टेकडीवर जयंतराव पाटील यांनी आदिवासी शेतकऱ्याच्या लहान तुकड्यावर काय पिकेल याचा ध्यास घेतला. पुढे ते नियोजन आयोगाचे सदस्य झाले. देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरीला निघालं आणि कोसबाडचं त्याच दशकात. नवं वाण आधी शेतकऱ्याच्या शेतात लावून बघायचं आणि मग शिफारस करायची, हा कृषी विज्ञान केंद्रांच्या कामाचा पाया आहे. प्रात्यक्षिक शेतात असलं की कुणीही जाऊन बघू शकतं, आणि मला हवी असलेली देखरेख ती हीच.

आज त्याच तालुक्यातल्या अंगणवाडीताईचा वेळ कुठे जातो ते बघा. २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' आला. हजेरी, वजन, उंची, आहार, सगळं मोबाइलवर भरायचं. त्याच वर्षी राज्यातल्या सेविकांनी सरकारने दिलेले निकामी मोबाइल परत केले होते. रेंज नसलेल्या पाड्यावर ताई संध्याकाळी मोबाइल घेऊन रस्त्यापर्यंत चालत जाते आणि दिवसाची माहिती चढवते. पर्यवेक्षणाला आलेलं माणूस आधी माहिती भरली का ते विचारतं. मुलं काय शिकली हे मागाहून, वेळ उरला तर. कुपोषणाची नोंद व्हायलाच हवी, याबद्दल माझा वाद नाही. या जिल्ह्यात तर ती अचूकच हवी. पण नोंदीला जेवढी तपासणी आहे तेवढीच शिकवण्यालाही असावी.

शाळा व्यवस्थापन समितीचं थोडक्यात सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. समिती असते आणि स्त्रियाही असतात. बैठक ठरते दुपारी, जेव्हा त्या स्त्रिया बागेत किंवा कारखान्यात असतात. मग वही घरी जाते आणि सही घरी होते. ज्या विषयावर सही झाली तो वाचून दाखवला, असं क्वचितच घडतं. बैठक संध्याकाळी सातला ठेवली तर गुरुजींना परतीची गाडी मिळत नाही, हेही खरं. वर्षातून चार बैठका संध्याकाळी ठेवल्या आणि त्या दिवशी गुरुजींच्या मुक्कामाची सोय गावाने केली, तर दोन्ही प्रश्न सुटतात. आमच्याकडे पाहुण्याला मुक्कामाला ठेवण्याची रीत अजून आहे.

भूकंपाचं सांगितल्याशिवाय तलासरी-डहाणूच्या लोकशिक्षणाबद्दल बोलणं अपुरं राहील. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी, हळदपाडा या परिसराला धक्के बसू लागले, भिंतींना तडे गेले, ऐन थंडीत माणसं तंबूत झोपली. धक्का बसला की काय करायचं, हे तेव्हा घराघरांत पोचणं गरजेचं होतं आणि लोकांनीही ते मनापासून ऐकलं. त्या वर्षी पहिलीत असलेली मुलं आता मोठी झाली. आज पहिलीत आलेल्या मुलांना टेबलाखाली कसं बसायचं हे कुणी शिकवलं का, दरवर्षी शिकवतात का, हे ग्रामसभेला माहीत आहे का? हा प्रश्न शाळेला विचारायचा अधिकार गावाला आहे, आणि तो विचारायला कुठलाही निधी लागत नाही.

अधिकार आहे म्हणतो तो कायद्यातला आहे. दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात. १९९६ चा पेसा कायदा सांगतो की गावातल्या सामाजिक आणि आर्थिक विकासाच्या योजना, कार्यक्रम अंमलात आणण्याआधी ग्रामसभेची मान्यता हवी. लाभार्थी ग्रामसभा निवडेल. ग्रामपंचायतीने खर्च केलेल्या निधीचं विनियोग प्रमाणपत्र ग्रामसभा देईल. सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचारी यांच्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकारही त्यात आहे. शाळा आणि अंगणवाडी याहून वेगळी काय असते? महाराष्ट्राने २०१४ मध्ये नियम केले. पाड्याला स्वतःचं गाव म्हणून घोषित करून घेऊन स्वतःची ग्रामसभा भरवता येते. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना देण्याची योजना आली. म्हणजे आधी मान्यता, नंतर प्रमाणपत्र, मधे नियंत्रण, सगळं लिहिलेलं आहे. वरच्या देखरेखीला पर्याय शोधायला कुठे जावं लागत नाही.

मग अडतं कुठे? पुन्हा तारखांपाशीच. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरतात. १ मेला माणसं भट्टीवर असतात. १५ ऑगस्टला बेणणी चालू असते. २ ऑक्टोबरला हळवं भात कापायला आलेलं असतं. २६ जानेवारीला गाव अर्धा रिकामा असतो. या चार सभा किमान म्हणून सांगितल्या आहेत. जास्त घ्यायला कायदा आडवा येत नाही. भात झोडून झालं आणि माणसं अजून निघाली नाहीत असा एक पंधरवडा दरवर्षी असतो. शेतीच्या आणि शिक्षणाच्या कार्यक्रमांचा हिशोब घेणारी सभा त्या पंधरवड्यात, पाड्या-पाड्यावर, संध्याकाळी व्हायला हवी. त्याच सभेत पुढच्या वर्षी काय शिकायचं आहे आणि कुठल्या महिन्यात, हेही ठरावं. भाताचं मे महिन्यात, भाजीपाल्याचं ऑक्टोबरमध्ये, चिकूच्या मजुरांचं बागेतली कामं कमी असतील तेव्हा. तारीख गावाने द्यावी आणि खात्यांनी त्या तारखेला यावं.

वरचा लोकनियुक्त डोळाही सध्या नसल्यासारखा आहे. १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदेला कृषी समिती दिली, शिक्षण समिती दिली, महिला व बालकल्याण समिती दिली. अधिकाऱ्याला प्रश्न विचारण्याची ती जागा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, २०१५ आणि २०२० मध्ये जिल्हा परिषदेच्या निवडणुका झाल्या आणि २०२५ मध्ये मुदत संपल्यावर कारभार प्रशासकाकडे गेला. प्रशासक कितीही कार्यक्षम असला तरी काम करणारा आणि काम तपासणारा एकाच यंत्रणेतला राहतो. अशा काळात ग्रामसभेची जबाबदारी वाढते.

आदिवासी लोक सभेला येत नाहीत, आले तर बोलत नाहीत, असं मला अनेकदा ऐकवलं जातं. हे मी मान्य करत नाही. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरीला हजारो वारली पायी चालत सभेला आले होते आणि वेठबिगारी करणार नाही असं ठरवून घरी गेले होते. किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी त्यांना काही महिने आधीपासून घरोघर जाऊन गाठलं होतं, त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं होतं. स्वतःच्या प्रश्नावर सभा असली आणि तिथे ठरलेलं खरोखर होणार असलं की इथली माणसं येतात, बोलतात आणि शब्द पाळतात. ठराव आधीच लिहून आणला असेल तर ती गप्प बसतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

खात्यातल्या माणसांना दोष देऊन मी थांबणार नाही. गावपातळीवरच्या कृषी सहायकाकडे अनेक गावं असतात. २०२५ मध्ये त्या पदाचं नाव सहायक कृषी अधिकारी झालं, पण गावं तीच आहेत आणि पंचनामे, पीकविमा, पोर्टलवरची कामं, निवडणुकीचं काम हे सगळं त्याच माणसाच्या वाट्याला येतं. त्याला वर्ग कमी द्यावेत आणि वेळेवर द्यावेत, हे तालुक्याने त्याच्यासाठीही मागायला हवं. वर्षाला दोनच वर्ग झाले, पण मे महिन्यात झाले, शेतात झाले आणि त्याचं पुढे काय झालं ते ऑक्टोबरमध्ये विचारलं गेलं, तर मला ते पुरे आहेत.

डहाणू आणि तलासरीतल्या ग्रामसभेच्या सभासदांना माझी विनंती आहे. पुढच्या सभेआधी ग्रामपंचायतीला एक अर्ज द्या: गेल्या वर्षभरात गावात झालेल्या शेती, अंगणवाडी आणि शाळेच्या सगळ्या कार्यक्रमांची खातेवार यादी, तारखा, हजेरी आणि खर्च सभेपुढे ठेवावा, आणि पुढच्या वर्षीच्या तारखा ग्रामसभेने ठरवाव्यात, असा विषय विषयपत्रिकेवर घ्यावा. ग्रामपंचायतीकडून अर्जाची पोच घ्या. विषय पत्रिकेवर आला नाही, तर पंचायत समितीच्या आमसभेत उभं राहून ती पोच दाखवा.